हात सैल सुटतो, काय करू? बेभान खर्चाबद्दल ख्रिस्ती घरांतून येणारे प्रश्न

हे पान अशा माणसांसाठी आहे ज्यांची मिळकत बरी आहे, पण महिन्याची वीस तारीख उलटली की खात्यात खडखडाट असतो. ज्यांना मुळात पुरेसं मिळतच नाही त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना 'जपून खर्च करा' सांगणं हा निव्वळ आगाऊपणा होईल. खालची सगळी उत्तरं एका समजुतीवर उभी आहेत. मोहाच्या ऐन क्षणी झुंजून जिंकणारे फार थोडे असतात. बाकीच्यांनी निर्णय आधी घेऊन ठेवावा, आणि तो एकट्यानं घेऊ नये. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही घरांतले प्रश्न एकत्र घेतले आहेत, त्यामुळे कुठे 'पाळक' येतील, कुठे 'फादर'.

मनात आलं आणि घेऊन टाकलं. हे पाप आहे का?

खरेदी पाप नाही, आणि अचानक केलेली प्रत्येक खरेदीही पाप नाही. बेथानीत एका बाईनं प्रभूच्या मस्तकावर जटामांसीचं सुगंधी तेल ओतलं (मार्क १४). तिथे बसलेल्यांनी लगेच हिशेब मांडला की हे तीनशे दिनारांहून जास्तीला विकलं गेलं असतं. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई क्षणात जमिनीवर. येशूनं तिला बोल लावला नाही. बोल लावणाऱ्यांनाच त्यानं गप्प केलं.

आता एसाव बघा (उत्पत्ती २५). रानातून दमून आला, पोटात आग, आणि याकोबाच्या भांड्यात मसुरीचं वरण शिजतंय. धाकट्या याकोबानं वरणाच्या बदल्यात ज्येष्ठत्व, म्हणजे थोरल्या मुलाचा हक्क, मागितला. आपण आता मरणारच, ज्येष्ठत्व घेऊन करायचं काय, असं म्हणून एसावानं तो देऊन टाकला. तो मरत वगैरे नव्हता. इसहाकासारख्या संपन्न माणसाच्या बिऱ्हाडात दुसरं काही खायला नसेल, हे पटत नाही. पण भुकेल्याला त्या घडीला तसंच वाटतं. पुढचं वर्णन मुद्दाम वाचा: त्यानं खाल्लं, प्याला, उठला आणि चालता झाला. ते वरण कसं लागलं याबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हा वस्तू किती रुपयांची यापेक्षा तिच्या बदल्यात काय गेलं ते बघावं. मुलाच्या फीचे पैसे गेले? भावाला दिलेला शब्द गेला? आणि ते देताना तुम्ही शुद्धीवर होता का? बेथानीच्या बाईला आपण काय देतोय हे पक्कं ठाऊक होतं. एसावाला नव्हतं.

गरज कुठली आणि हौस कुठली, हे ऐनवेळी कसं ओळखायचं?

ऐनवेळी ओळखता येत नाही. त्या वेळी प्रत्येक गोष्ट गरजच वाटते, एअर फ्रायरसुद्धा.

मी रोज प्रार्थना करते, तरी हात थांबत नाही. माझा विश्वास कमी पडतो का?

असं म्हणायची घाई करू नका. पुष्कळदा प्रार्थना होते, पण फार उशिरा होते. रात्रीचे अकरा वाजलेत, अंथरुणात फोन आहे, ॲपवर लाल घड्याळ उलटं पळतंय, खाली 'फक्त २ शिल्लक' अशी पाटी. आणि तेव्हा आपण म्हणतो, "प्रभू, मला आवर." तोवर बोट बटणावर टेकलेलं असतं. प्रभूनं शिकवलेली विनंती याच्या बरीच आधीची आहे: 'आम्हांला परीक्षेत आणू नको.' त्या दारापर्यंतच जायला नको, अशी ती मागणी. सकाळी ती म्हणायची आणि दिवसभर तीन शॉपिंग ॲपच्या सूचना चालू ठेवायच्या, यात मेळ बसत नाही.

नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी ज्याचा स्वतःच्या मनावर ताबा नाही त्याला तट पडलेल्या गावाची उपमा दिली आहे. तट हा शत्रू दारात आल्यावर बांधायचा नसतो. तुमच्या फोनला तट कसा घालायचा ते सांगते.

पहिलं म्हणजे साठवलेली कार्डं काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तुमचा पूर्ण कार्ड नंबर जपून ठेवता येत नाही, त्याच्याकडे फक्त टोकन, म्हणजे नंबराऐवजीचा सांकेतिक आकडा असतो, आणि तो रद्द करता येतो. रद्द केलं की दर खेपेला उठून, दिवा लावून, पर्स शोधून आकडे टाकावे लागतात. एवढा त्रास पुष्कळ वेळा पुरतो. दुसरं, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करायची आणि मर्यादा ठरवायची सोय असते. ती देणं बँकांना २०२० पासून बंधनकारक आहे. कार्ड एरवी बंदच ठेवा. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं: पगाराचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसरं एक साधं बचत खातं घ्या, दर सोमवारी त्यात आठवड्याच्या खर्चाचे पैसे टाका, आणि स्कॅन करायचं ते त्यातूनच. गुरुवारी संपले तर शुक्रवारी डबा घरून न्यायचा. चौथं, रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पायाशी नाही, उशाशी तर नाहीच.

हेही लक्षात असू द्या की ही झुंज तुमच्या एकट्याच्या अशक्तपणाशी नाही. तुम्हाला चटक लावायला पलीकडे पगारी माणसं बसली आहेत. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' म्हणून अशा तेरा क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. खोटी घाई दाखवणं, न विचारता टोपलीत वस्तू घुसडणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणी सुरू करणं सोपं पण बंद करणं अवघड ठेवणं, हे सगळं त्यात आहे. असं दिसलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पण संयम हे तर आत्म्याचं फळ आहे ना? मग वह्या, मर्यादा, कुलपं कशाला?

हा प्रश्न बायबल अभ्यासाच्या गटात हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला बहुधा वही लिहायचा कंटाळा असतो. गलतीकरांस पत्रात इंद्रियदमन फळांच्या यादीत आहे हे खरंच. पण नाशिककडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, द्राक्ष देवाच्या कृपेनं लागतं म्हणून त्यानं छाटणी कधी सोडली का. तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर देवाची कृपाच आपल्याला ऐहिक वासनांना नकार द्यायला शिकवते असं म्हटलंय. कृपा शिकवणारी आहे, तेव्हा शिकणाऱ्याच्या हाती वही असायला कुणाची हरकत नसावी.

किती वेळ थांबायचं? काही जण २४ तास म्हणतात, काही ३० दिवस.

रकमेप्रमाणे ठरवा आणि ते घरात सगळ्यांसमोर ठरवा. एक चालणारी पद्धत अशी: पाचशेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर माणूस स्वतःच्याच घरात कैदी होतो. पाचशे ते तीन हजार, एक रात्र. त्याच्या वर, येत्या रविवारची उपासना किंवा मिस्सा होऊन घरी येईपर्यंत. वीस हजारांवर, दोन पगार. आकडे तुमच्या मिळकतीप्रमाणे बदला.

थांबायचं म्हणजे नुसतं दात खाऊन बसायचं नाही. वहीत एक पान 'हवंय' म्हणून ठेवा. तारीख, वस्तू, किंमत आणि का हवीय ते एका वाक्यात. या शेवटच्या रकान्यातच खरं काम होतं. 'जुना मिक्सर गरम होऊन बंद पडतो' हे कारण आठ दिवसांनीही तसंच उभं असतं. 'वहिनींकडे बघितला' हे कारण आठ दिवसांनी वाचताना आपलं आपल्यालाच हसू येतं. उतावळा माणूस टंचाईकडे धावतो, असं नीतिसूत्रे २१:५ मध्ये आहे. शलमोनाच्या काळी फ्लॅश सेल नव्हते, तरी निरीक्षण पक्कं.

सेल संपेल ही भीती सोडा. स्वातंत्र्यदिनाचा संपला की दिवाळीचा येतो, मग नाताळचा, मग प्रजासत्ताक दिनाचा. मधल्या काळात काहीतरी वर्धापनदिन असतोच.

पगार वाढला, तरी हाती काही राहत नाही. असं का?

मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांची एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. ऑक्सफर्डला असताना त्यांनी आपल्या खोलीसाठी काही चित्रं विकत घेतली होती. कडाक्याच्या थंडीत काम करणारी मुलगी दारात आली, अंगावर पातळ सुती झगा. तिला गरम कपड्याला काही द्यावं म्हणून खिशात हात घातला, तर उरलं होतं किरकोळ. भिंतीवरच्या चित्रांकडे बघून त्यांच्या मनाला जे लागलं ते आयुष्यभर राहिलं.

पुढे त्यांनी केलं ते अगदी रूक्ष काम. एका वर्षी मिळकत तीस पौंड होती, अठ्ठावीसमध्ये भागलं, दोन पौंड दिले. पुढच्या वर्षी मिळकत साठ पौंड झाली. खर्च अठ्ठावीसच, दिले बत्तीस. मिळकत वाढत गेली, अठ्ठावीसचा आकडा हलला नाही. आपल्याकडे उलट होतं. इन्क्रिमेंटचं पत्र आलं की त्याच संध्याकाळी मोठ्या टीव्हीचे इंच ठरतात.

वेस्लींएवढं कुणी करावं असा आग्रह नाही. त्यांना मुलं नव्हती, फ्लॅटचा हप्ता नव्हता. पण पगारवाढीचं पत्र हाती यायच्या आधी त्यातल्या निम्म्या रकमेचं काय करायचं हे लिहून ठेवता येतं. पत्र आल्यावर लिहायला बसलात तर टीव्ही जिंकतो.

जोडीदाराला सांगायचं का? पार्सल मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो.

सांगायचं. पार्सल ऑफिसला येतं, खोकं तिथेच कचऱ्यात जातं, वस्तू बॅगेतून घरी येते आणि विचारलं तर 'अरे, हा जुनाच शर्ट' म्हटलं जातं. एवढी यातायात माणूस उगाच करत नाही. आत कुठेतरी उत्तर माहीत असतं.

याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं आहे. कॅथलिक घरांत पापनिवेदनाची सवय असते, पण फादरांना सांगितलं म्हणजे घरी सांगायची गरज सरली असं नाही. कार्डाचं बिल फादर भरत नाहीत. सांगताना एकदम सगळं सांगा. निम्मी रक्कम आज आणि उरलेली पुढच्या महिन्यात स्टेटमेंट सापडल्यावर, हे सगळ्यात वाईट.

ऐकणाऱ्यासाठीही दोन शब्द. हनन्या आणि सप्पीरेचा अध्याय कृपा करून काढू नका. तो मंडळीला दिलेल्या देणगीबद्दल खोटं बोलून मरून पडलेल्या जोडप्याचा आहे, नवऱ्याला घाबरवायला लिहिलेला नाही. त्यापेक्षा दोघांच्या नावे दरमहा एक छोटी रक्कम बाजूला काढा, जिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. पाचशे असो की दोन हजार. ही सोय नसलेल्या घरात चोरून खरेदी होतेच.

आणि एक सावधगिरी. जाब विचारणं वेगळं आणि बायकोचा सगळा पगार काढून घेऊन तिला रिक्षाच्या पैशांसाठी हात पसरायला लावणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला शिस्त म्हणू नये, कुणी कितीही वचनं तोंडावर फेकली तरी. असं घडत असेल तर पाळकीणबाई, सिस्टर किंवा विश्वासातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला.

क्रेडिट कार्ड ठेवावं की कापून टाकावं?

पूर्ण बिल दर महिन्याला भरत असाल तर ठेवा. एकदाही 'किमान रक्कम' भरली असेल तर हा हिशेब वाचा. समजा पन्नास हजार थकले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, अनेक कार्डांचा दर त्याच्या आसपास असतो. म्हणजे १,७५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५, एकूण २,०६५. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० भरली, तर मुद्दलातून गेले फक्त ४३५ रुपये. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. कोथिंबीर घेतली तरी त्या दिवसापासून व्याज. ऋणको हा धनकोचा दास होतो, असं नीतिसूत्रे २२:७ म्हणतं. स्टेटमेंटवर ते आकड्यांत लिहिलेलं असतं.

कापून टाकलं तरी खातं चालूच राहतं, वार्षिक शुल्कासकट. आधी थकबाकी फेडा, मग बँकेला बंद करायची लेखी विनंती द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सगळी बाकी भरलेली असेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाल्यास दिवसाला पाचशे रुपये दंड तिनं तुम्हाला द्यायचा.

'नो कॉस्ट ईएमआय' तर फुकटच असतो ना?

नाही. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलं आहे. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क लागतं, किंवा दोन्ही. बुरूज बांधायला बसण्याआधी खर्चाचा अंदाज घ्या, असं प्रभू लूक १४ मध्ये सांगतो. सहा ठिकाणी सहा छोटे हप्ते लावणाऱ्याला आपला बुरूज किती मजल्यांचा झालाय हेच कळत नाही. आज रात्री सगळे हप्ते एका कागदावर लिहा. बेरीज बघून झोप उडाली तर चांगलंच.

फोनवरच्या ॲपमधून काल कर्ज घेतलं, आज पश्चात्ताप होतोय.

तर आजच हालचाल करा. डिजिटल कर्जाला 'कूलिंग ऑफ' मुदत द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत अगदी थोडी असते, करारात बघा.

कर्ज आहे. आधी दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देवाला द्यायचा की आधी कर्ज फेडायचं?

यावर पाळकांचं एकमत नाही, आणि इथे लिहिलेलं काहींना आवडणार नाही. पहिलं पीक परमेश्वराला, हे नीतिसूत्रे ३:९ मध्ये आहे. कुणाच्या ऋणात राहू नका, हे रोमकरांस १३:८ मध्ये. आणि देणाऱ्यानं मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुरत नाही आणि बळजबरीनं नाही, संतोषानं द्यावं, हे २ करिंथकरांस ९ मध्ये. माझं मत असं: देणं पूर्ण थांबवू नका, कारण देणारा हात आखडला की घेणारा हात आणखी सैल होतो. पण थकलेल्या कार्डावरून अर्पण देऊ नका. तुमच्या नावावर सावकाराचे पैसे देवाला देण्यात कसली भक्ती? थोडं द्या, नियमानं द्या, आणि पाळकांना स्पष्ट सांगा की अमुक महिन्यापर्यंत एवढंच जमेल. समजूतदार पाळक मान डोलावतील.

अलीशाकडे कर्जबाजारी विधवा आली, सावकार तिची मुलं न्यायला टपलेला, तेव्हा संदेष्ट्यानं तिच्याकडे वाटा मागितला नाही. तिच्या घरातल्या थोड्याशा तेलानं शेजाऱ्यांकडून आणलेली सगळी भांडी भरल्यावर तो म्हणाला, तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा (२ राजे ४). 'हजार पेरा, लाख उगवेल' म्हणणाऱ्यांच्या सभेत हा अध्याय सहसा वाचला जात नाही. तिथे भरल्या डोळ्यांनी खिशातलं सगळं टाकून येणं हाही आवेगातलाच खर्च आहे, फक्त दुकान वेगळं.

माझे यजमान स्वतःवर काही घेत नाहीत, पण लोकांवर उधळतात. त्यांना काय म्हणावं?

मराठी ख्रिस्ती माणसाला इथे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवणारच. हात सढळ, समोर अडलेला दिसला की असेल ते काढून द्यायचं, आणि घरात संध्याकाळी काय शिजवायचं ही काळजी लक्ष्मीबाईंची. त्यांनी आपल्या आठवणींत हे किती मोकळेपणानं आणि हसत लिहून ठेवलंय. हसल्या, पण ताण सोसलाही त्यांनीच.

यजमानांची करुणा मारू नका. तिला पाकीट द्या. महिन्याच्या सुरुवातीलाच 'द्यायचे' म्हणून रक्कम वेगळी काढा आणि ती सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवा, कुणालाही देवोत. पाकीट संपलं की मागणाऱ्याला 'पुढच्या एक तारखेला या' म्हणायचं. तो अडलेला खराच असेल आणि थांबू शकत नसेल, तर दोघांनी मिळून ठरवायचं.

उपवासकाळात खरेदी सोडली तर उपयोग होतो का?

होतो, जर काय सोडलं ते नेमकं असेल. 'फालतू खर्च सोडणार' म्हणणाऱ्याचा उपवास पहिल्या आठवड्यातच मोडतो, कारण फालतू काय हे रोज नव्यानं ठरवलं जातं. 'राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत कपडे आणि चपला नाहीत' असं म्हणा. किंवा बाहेरून जेवण मागवायचं नाही. वाचलेली रक्कम त्याच दिवशी वेगळी काढा. धर्मग्रामात उपवासकाळाची पेटी असेल तर तिच्यात. भुकेल्याला आपल्या भाकरीतलं देणं हाच उपवास, असं यशया ५८ म्हणतो. नुसतं न खर्चता खात्यात ठेवलेलं ईस्टरच्या सोमवारी व्याजासकट बाजारात जातं.

नाताळ आणि लग्नात हात आखडला तर लोक काय म्हणतील?

म्हणतील. काही तरी म्हणतीलच, जेवणात मटण होतं तरी आणि नव्हतं तरी.

आधी नाताळ, कारण तो दर वर्षी येतो आणि तरी दर वर्षी आपण दचकतो. घरादाराला नवे कपडे, करंज्या-शंकरपाळ्या-अनारसे, केकचं सामान, चांदणी, गव्हाणीसाठी नवी चित्रं, पाहुण्यांचं जेवण, सोसायटीच्या मुलांना खाऊ, कामवालीला बोनस. गेल्या वर्षी किती लागले ते आठवून लिहून काढा. चोवीस हजार लागले असतील तर जानेवारीपासून महिन्याला दोन हजार. नाताळची भिशी असेल तर तिच्यात, नाहीतर बँकेत आवर्ती ठेव उघडा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोख काढा आणि पाकिटांवर नावं घाला: कपडे, फराळ, भेटी, देणं. कपड्यांचं पाकीट संपलं की कपडे संपले. फराळातून उचल नाही.

बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीया आणि योसेफानं काय अर्पण केलं ते लूक २:२४ मध्ये आहे: होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिलं. लेवीय १२ प्रमाणे कोकरू परवडत नसेल त्यानं हे द्यायचं होतं. म्हणजे आपल्याला परवडत नाही हे त्या दोघांनी यरुशलेमेच्या मंदिरात, सगळ्यांदेखत मान्य केलं.

लग्नाचा खर्च ही मोठी गोष्ट आहे, आणि कर्ज काढून केलेली लग्नं मंडळीत सगळ्यांना माहीत असतात. कोणी तरी काना गावचं लग्न पुढे करतंच, तिथे प्रभूनं भरपूर द्राक्षारस पुरवला ना! पुरवला. पण यजमानाला त्यासाठी वैयक्तिक कर्ज घ्यायला लावलं नाही. वसईच्या कॅथलिक लोकांनी १९१८ मध्येच आपली पतसंस्था उभी केली होती, आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. सावकाराच्या दारात जावं लागू नये ही गरज आपल्या लोकांना एवढी जुनी आहे. लग्न ठरलं की दोन्ही घरांनी एकत्र बसून पाहुण्यांचा आकडा आधी ठरवावा. हॉल, जेवण, मंडप सगळं त्या आकड्यावर चालतं. फुलांच्या रंगावर भांडून काही वाचत नाही.

हे व्यसन तर नाही? डॉक्टरांकडे कधी जायचं?

घेतलेल्या वस्तू पिशवीतच पडून राहतात, घेताना धुंदी आणि नंतर रडू, खोटं बोलणं, कर्ज फेडायला कर्ज, आणि हे महिनोन्‌महिने. असं असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खरेदीचं वेड ही आजची कल्पना नाही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते नोंदवलं होतं.

एक गोष्ट घरच्यांनी जरूर ओळखावी. एरवी सांभाळून राहणारा माणूस अचानक चार दिवस झोपत नाही, भराभर बोलतो, मोठमोठ्या योजना सांगतो आणि पैसे वाऱ्यावर सोडतो, तर तो बायपोलर आजाराचा झटका असू शकतो. अशा वेळी त्याला वचनं ऐकवत बसू नका, भूत काढायलाही नेऊ नका. डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याची कार्डं जपा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मराठीतूनही बोलते. लूक स्वतः वैद्य होता, हे कुरकुरणाऱ्या नातेवाइकांना सांगा.

तीन महिने नीट गेले आणि काल पुन्हा घसरलो. आता?

आधी वस्तू परत होते का बघा. मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते आणि लाजेपायी ती निघून जाते. मग वहीत लिहा: किती वाजता, कुठे, त्याआधी काय झालं होतं. साहेबांनी झापलं होतं? एकटे होता? पाच-सहा नोंदी झाल्या की तुमची घसरायची जागा दिसते, आणि तट तिथेच घालायचा असतो. क्षमा मागा, ती मिळते. मात्र 'आता आयुष्यात कधीच नाही' असा नवस बोलू नका. रोजची भाकर आज मागायची असते, तसा नकारही आजचा पुरे.

मुलांना हे कसं शिकवायचं?

तीन डबे. खर्च, बचत, देणं. खाऊचे पैसे रोख द्या, कारण स्कॅन केलेले पैसे मुलांना दिसत नाहीत. संडे स्कूलच्या दानपेटीत टाकायचं नाणं त्यांच्या डब्यातून जाऊ द्या, ऐनवेळी तुमच्या पर्समधून नको. खर्चाच्या डब्यातून त्यांनी काही भिकार खेळणं घेतलं आणि ते दोन दिवसांत मोडलं, तर भरपाई करू नका आणि 'मी सांगितलं होतं' असंही म्हणू नका. दुसरं जास्त अवघड आहे.

सुगीच्या सणाच्या लिलावात मी दर वर्षी भलतीच बोली लावतो. तोही आवेगच ना?

आवेगच, पण त्यातल्या त्यात बरा. चर्चच्या आवारात पाळकांनी भोपळा उंच धरलाय, समोरच्या बाकावरून व्याह्यांनी चारशे म्हटलं, आणि तुमच्या तोंडून पाचशे निघून गेले. पैसे मंडळीच्या कामाला जातात, म्हणून कुणी टोकत नाही. तरी घरून निघतानाच ठरलेली रक्कम खिशात रोख घ्या, फोन घरी ठेवा आणि रोख संपली की टाळ्या वाजवायला बसा. आणि भोपळा मिळाला तर तो शिजवायचाही तुम्हीच. दर वर्षी बायकोनं त्याचे घारगे करत बसायचं असं कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही.